शेतकरी मंडळ : बोलण्याची आणि नेतृत्वाची शाळा



मागे एका रब्बी हंगामात हरभऱ्यावरील घाटेअळी या विषयावर एका गावी शेतकरी मेळावा होता. सकाळी शिवारफेरीत आम्ही एका शेतकऱ्याचा हरभरा पाहिला. शेतात पक्ष्यांना बसण्यासाठी जागोजागी तुराट्या रोवल्या होत्या, कामगंध सापळे लावले होते आणि फुलोऱ्याच्या सुरुवातीला ५ टक्के निंबोळी अर्क फवारला होता. घाटे भरलेले आणि कीड अगदी कमी होती. दुपारी मेळाव्यात त्यांना बोलण्याची विनंती केली. ते उठले, "मी काय सांगणार, साहेबांनी सांगितलंच आहे," एवढे म्हणून खाली बसले. त्यानंतर एक औषध विक्रेता उठला आणि दोन कीटकनाशके एकत्र करून फवारण्याबद्दल पंधरा मिनिटे ठासून बोलला. मेळावा संपल्यावर लोक त्याच्याभोवती जमले होते. ज्याला कळत होते तो गप्प राहिला, ज्याला विकायचे होते तो बोलला. नुकसान गावाचे झाले.

हा प्रकार एका गावापुरता नाही. ग्रामसभा, सोसायटीची वार्षिक सभा, पाणी वापर संस्थेची बैठक, शेतकरी उत्पादक कंपनीची सभा या सर्व ठिकाणी निर्णय बोलणाऱ्यांच्या मताने होतात. म्हणून सभेत बोलणे हेही शेतकऱ्याचे एक अवजारच समजावे.

भीती सर्वांनाच वाटते

पहिल्या मेळाव्यात बोलताना माझ्या हातातला कागद थरथरत होता. मी 'आर्थिक नुकसानीची पातळी' हा शब्द तीन वेळा वापरला. शेवटी एका वडीलधाऱ्या शेतकऱ्याने विचारले, "साहेब, म्हणजे अळ्या किती?" 'एक मीटर ओळीत एक ते दोन अळ्या' हे साधे उत्तर मला आधीच देता आले असते. पदवी असूनही बोलण्याचा सराव नव्हता. सराव वाढला तशी भीती कमी झाली. पोहणे जसे काठावर बसून येत नाही, तसेच बोलणे पुस्तक वाचून येत नाही. त्यासाठी चुकले तरी कोणी हसणार नाही अशी जागा लागते. शेतकरी मंडळ ही तशी जागा होऊ शकते.

ही पद्धत जुनीच आहे

१९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने सुमारे १५० गावांत रेडिओ ग्रामीण मंडळांचा प्रयोग केला. गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करत आणि शक्य ते अमलात आणत. 'ऐका, चर्चा करा, कृती करा' हे त्याचे सूत्र होते. १९८२ मध्ये नाबार्डने विकास स्वयंसेवक वाहिनी सुरू केली. २००५ पासून तिलाच शेतकरी मंडळ हे नाव मिळाले. अमेरिकेत १९२४ साली भाषणाच्या सरावासाठी टोस्टमास्टर्स नावाचे मंडळ सुरू झाले आणि पुढे ते अनेक देशांत पसरले. तेथे ठरलेल्या वेळेत बोलायचे आणि नंतर इतरांनी त्यातील गुण-दोष सांगायचे, अशी रीत आहे. आपल्या मंडळात ही रीत सहज आणता येईल.

बैठक कशी घ्यावी ?

मंडळात १५ ते २५ सभासद असावेत. पंधरा दिवसांतून एकदा, ठरलेल्या दिवशी आणि ठरलेल्या वेळी दीड तासाची बैठक घ्यावी. जागा देवळाची, शाळेची किंवा एखाद्या मळ्यातील चालेल. प्रत्येक बैठकीत पुढील कामे आळीपाळीने वाटून द्यावीत.

१) अध्यक्ष : विषयपत्रिकेप्रमाणे सभा चालवणे, सर्वांना बोलण्याची संधी देणे.
२) वेळ पाहणारा : चार मिनिटांनी एक आणि पाच मिनिटांनी दोन टाळ्या वाजवणे.
३) इतिवृत्त लिहिणारा : कोण काय बोलले व काय ठरले याची वहीत नोंद करणे.
४) गुण-दोष सांगणारा : आधी दोन चांगल्या गोष्टी आणि मग सुधारण्याजोगी एकच गोष्ट सांगणे.

अध्यक्षपद कायम एकाकडे ठेवू नये. सभा चालवता चालवताच नेतृत्व अंगी येते. दुसऱ्याचे पूर्ण ऐकून घेणे, भांडण न वाढवता विषयावर आणणे आणि सूचक-अनुमोदकासह ठराव नीट शब्दांत मांडणे हे त्यातले खरे शिक्षण होय. महिला सभासदांना शेवटी वेळ उरला तर बोलावण्याऐवजी सुरुवातीलाच बोलण्याची संधी द्यावी.

सरावाच्या चार पायऱ्या

पहिली बैठक : प्रत्येकाने उभे राहून एक मिनिट आपली व आपल्या शेताची ओळख करून द्यावी.

दुसरी बैठक : कीडग्रस्त फांदी, बियाण्याची पिशवी, विळा अशी एखादी वस्तू हातात घेऊन दोन मिनिटे बोलावे. हातात वस्तू असली की हात थरथरत नाहीत आणि विषयही भरकटत नाही.

तिसरी बैठक : स्वतःचा एक अनुभव पाच मिनिटांत सांगावा. त्यासाठी पाच प्रश्न लक्षात ठेवावेत : अडचण काय होती ? काय केले ? खर्च किती आला ? फायदा किती झाला ? काय चुकले ? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर टाळू नये. चूक सांगणाऱ्यावर लोकांचा विश्वास बसतो.

चौथी बैठक : ग्रामसभेत मांडायची एक मागणी तीन मिनिटांत मांडावी. 'रस्ता खराब आहे' असे मोघम न बोलता कोणता रस्ता, किती लांबीचा, किती शेतकऱ्यांचा माल त्यावरून जातो आणि नेमके काय हवे, हे आकड्यांसह सांगावे.

बोलताना घ्यावयाची काळजी

- भाषण पाठ करू नये. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर चार-पाच मुद्दे लिहावेत.
- पहिले आणि शेवटचे वाक्य मात्र पक्के ठरवून ठेवावे.
- आपल्या बोलीत बोलण्यास लाजू नये. लोकांना तीच लवकर कळते.
- आकडे शेताच्या वहीतून घ्यावेत. वही नसेल तर आजपासून ठेवावी.
- माहीत नसलेल्या प्रश्नाला 'विचारून सांगतो' असे उत्तर द्यावे आणि पुढच्या बैठकीत ते खरोखर सांगावे.
- व्यक्तीवर टीका न करता विषयावर बोलावे.

मंडळात गावचे राजकारण शिरले की बैठका मोडतात. त्यामुळे पक्ष व निवडणुकीचे विषय बाहेर ठेवण्याचा नियम पहिल्याच दिवशी करावा.

सुरुवातीच्या मेळाव्यातील ते शेतकरी पुढे गावात निघालेल्या मंडळात येऊ लागले. चौथ्या की पाचव्या बैठकीत ते निंबोळी अर्कावर बोलले. ५ किलो निंबोळी पावडर रात्रभर भिजवून, गाळून १०० लिटर द्रावण कसे करायचे ते त्यांनी बादली समोर ठेवूनच दाखवले. भाषण अडखळत झाले, पण त्या दिवशी प्रश्न विचारणारे त्यांच्याभोवती जमले होते.

आपल्या शेतात जे पिकते ते बाजारात नेतो, तसे आपल्या अनुभवात जे पिकले तेही गावापुढे न्यावे. येत्या हंगामापूर्वी दहा-पंधरा जणांनी एकत्र येऊन पहिली बैठक घ्यावी.