सातमाशी बाळ आणि नाकातल्या नळ्या

“बाळाला मशीनवर टाकलंय” ही बातमी वस्तीत आली की घरात रडारड सुरू होते. मशीन म्हणजे शेवट, असे आपण धरून चालतो. कुणी म्हणते, आता पैसे उकळणार. कुणी म्हणते, घरी घेऊन या, जे व्हायचे ते आपल्या डोळ्यांसमोर होऊ द्या. मग सही करून बाळ घरी आणले जाते. खरे तर दोन-चार दिवस श्वासाला आधार मिळाला असता तर त्यातली कितीतरी बाळे जगण्यासारखी असतात. म्हणून या महिन्याच्या आरोग्य पानावर आम्ही त्या मशीनबद्दलच लिहायचे ठरवले.

पहिली गोष्ट, सगळी मशीन एक नसतात. व्हेंटिलेटरमध्ये तोंडातून श्वासनलिकेत नळी घालतात आणि मशीनच बाळाला श्वास देते. सीपॅपचे तसे नाही. त्यात बाळाच्या दोन्ही नाकपुड्यांत मऊ, आखूड नळ्या बसवतात, डोक्यावर टोपी घालून त्या जागेवर धरून ठेवतात आणि त्यातून ऑक्सिजन मिसळलेली, ओलसर व कोमट हवा ठरावीक दाबाने सतत सोडतात. श्वास बाळ स्वतःच घेते. मशीन फक्त त्याची फुप्फुसे मिटू देत नाही.

फुप्फुसे मिटतात म्हणजे काय? आपल्या फुप्फुसांत हवेच्या लाखो बारीक पिशव्या असतात, त्यांना वायुकोश म्हणतात. त्यांच्या आतल्या बाजूला सर्फॅक्टंट नावाचा एक पातळ थर असतो. साबणाने जसा पाण्याचा ताण कमी होतो तसे काम हा थर करतो, त्यामुळे श्वास सोडल्यावर वायुकोश चिकटून बसत नाहीत. पोटातल्या बाळात हा थर साधारण चोविसाव्या आठवड्यापासून तयार होऊ लागतो आणि पुरेसा होईपर्यंत चौतीस-पस्तीस आठवडे उलटतात. त्याआधी जन्मलेल्या बाळाला प्रत्येक श्वासाला नवा कोरा फुगा फुगवावा लागतो. फुगा पहिल्यांदा फुगवताना गाल दुखतात, अर्धवट फुगलेला असला की सोपे जाते, हे आपल्याला ठाऊक आहे. सीपॅप तो फुगा अर्धवट फुगलेला ठेवतो.

इथे जुन्या बायकांच्या तोंडचे एक वाक्य खोडून काढायला हवे. ‘सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही’ असे आजही बाळंतिणीच्या उशाशी बसून सांगितले जाते. हे साफ चूक आहे. बाळ जितके दिवस पोटात राहील तितकी फुप्फुसे पक्की होतात, त्यामुळे आठव्या महिन्यातल्या बाळाची आशा सातव्यातल्यापेक्षा जास्तच असते. या समजुतीपायी आठमाशी बाळाकडे हात आखडता घेणे म्हणजे त्याचा जीव घेणेच आहे.

बऱ्याच रुग्णालयांत ‘बबल सीपॅप’ वापरतात. त्याची रचना इतकी साधी आहे की पाहून विश्वास बसत नाही. बाळाच्या नाकाकडून परत येणाऱ्या नळीचे टोक पाण्याच्या बाटलीत बुडवलेले असते. टोक पाण्यात पाच सेंटिमीटर खोल असेल तर बाळाच्या फुप्फुसात तेवढाच दाब राहतो, नळी आणखी खोल केली की दाब वाढतो. बाटलीत बुडबुडे येत असतात. काचेबाहेर उभ्या असलेल्या आईने बुडबुडे थांबलेले पाहिले तर सिस्टरना लगेच सांगावे. नळी नाकातून निसटलेली असू शकते. नळीने नाकाची कातडी लाल झाली किंवा सोलवटली असे दिसले तरी सांगावे, त्यात लाजायचे काही नाही. पोट फुगलेले दिसले तर घाबरू नये. नाकातली थोडी हवा पोटातही जाते, ती बाहेर काढायला तोंडातून एक बारीक नळी घातलेली असते.

सीपॅपनेही प्रत्येक बाळ सावरते असे नाही. काही बाळे थकतात, श्वास घ्यायचे विसरतात, त्यांना व्हेंटिलेटर लागतो. काहींना सर्फॅक्टंटचे औषध थेट श्वासनलिकेत द्यावे लागते. डॉक्टर तसे म्हणाले तर कारण विचारा, समजून घ्या, पण रागाच्या भरात बाळ उचलून आणू नका.

या उपचाराला फार वर्षे झालेली नाहीत. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला. वजन सुमारे २.१ किलो होते, म्हणजे आपल्याकडे ‘बरं आहे की’ म्हणावे इतके. जगातल्या सर्वांत बलाढ्य माणसाचे ते मूल ३९ तासांत याच आजाराने गेले, कारण तेव्हा उपायच नव्हता. १९७१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉ. जॉर्ज ग्रेगरी यांनी सतत दाबाची हवा देऊन वीसपैकी सोळा बाळे वाचल्याचे प्रसिद्ध केले. नाकातून ती हवा देण्याची रीत त्यानंतर आली. शेजारच्या बांगलादेशात ढाक्याच्या डॉ. मोहम्मद जोबायेर चिश्ती यांनी तर शाम्पूच्या रिकाम्या बाटलीतून बबल सीपॅप तयार केला आणि न्यूमोनियाच्या लहान मुलांना त्याचा फायदा झाल्याचे २०१५ मध्ये दाखवून दिले. ते काम रुग्णालयात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली झाले. घरी कुणी बाटल्या-नळ्या जोडू नयेत.

ऑक्सिजन जास्त झाला तर फार लवकर जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांच्या पडद्याला इजा होऊ शकते, वेळेत न कळल्यास अंधत्व येते. म्हणून चौतीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाची डोळ्यांची तपासणी जन्मापासून तीस दिवसांच्या आत व्हायला हवी, अगदीच लहान बाळाची त्याहून लवकर. बाळ घरी आले, दूध पिऊ लागले की ही तारीख हमखास विसरली जाते. घरातल्या कॅलेंडरवर ती लिहून ठेवा.

आईने काय करायचे? दूध काढून द्यायचे. नळीने का होईना, बाळाला आईचेच दूध लागते. आईला दूध येत नसेल तर दूध बँक असते. आशियातली पहिली दूध बँक आपल्या शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये सुरू केली. दुसरे म्हणजे कांगारू पद्धत, बाळाला उघड्या छातीशी कातडीला कातडी लावून धरणे. नाकात नळ्या असल्या तरी डॉक्टरांच्या सांगण्यावरून हे करता येते, आणि बापालाही करता येते. सुवेर-विटाळ म्हणून बाळंतिणीला बाळापासून लांब ठेवायचे खूळ अजून कुठे उरले असेल तर ते सोडा. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात विटाळाला जागा नाही.

बाळंतपणाआधीही एक काम आहे. सातव्या-आठव्या महिन्यात कळा सुरू झाल्या, पाणी गेले, रक्त दिसले तर ‘सकाळी बघू’ म्हणू नका. चोवीस ते चौतीस आठवड्यांच्या दरम्यान आईला डेक्सामेथासोनची इंजेक्शने देतात, बारा तासांच्या अंतराने चार. त्याने पोटातल्या बाळाची फुप्फुसे लवकर तयार होतात. मोठ्या रुग्णालयात पाठवण्यापूर्वी एक डोस मिळाला तरी उपयोग होतो. हे इंजेक्शन स्वस्त आहे, ते दिले का हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. आणि मशेरी सोडा. मुंबईतल्याच गरोदर बायांच्या अभ्यासात मशेरी-तंबाखूमुळे बाळ लवकर जन्मण्याचा आणि कमी वजनाचा धोका वाढलेला दिसला आहे.

घरी आलेले किंवा घरीच जन्मलेले बाळ त्रासात आहे हे कसे ओळखायचे? आपल्या कितीतरी उपासिका आनापानसती करतात, श्वासावर लक्ष ठेवायची त्यांना सवय आहे. तेच लक्ष बाळाच्या छातीवर ठेवा. बाळ शांत असताना घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. साठ किंवा त्याहून जास्त भरले, बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, नाकपुड्या फुलत असतील, श्वास सोडताना कण्हल्यासारखा आवाज येत असेल, जीभ-ओठ निळसर दिसत असतील, दूध ओढायचे थांबले असेल तर तासभरही वाट पाहू नका. अंगारा, गंडा, बाळघुटी यात गेलेला वेळ परत येत नाही. बाळाला छातीशी धरून, डोके झाकून, उबेत न्या. वाटेतच गार पडलेले बाळ रुग्णालयात पोहोचले तरी सावरणे अवघड होते.

न्यायचे कुठे? दिघा, इलठणपाडा, रबाळे या बाजूच्यांना महापालिकेचे ऐरोलीचे रुग्णालय जवळ, दिघ्याहून कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयही लांब नाही. तुर्भे स्टोअर, इंदिरानगरच्या लोकांना वाशी सेक्टर १० चे, त्यापुढच्यांना नेरूळचे. १०८ ला फोन करा. नवजात बाळासाठी सीपॅपची खाट रिकामी आहे का, हे निघतानाच फोनवर विचारायला सांगा, नाहीतर ठाणे-बेलापूर रस्त्यावर या दारातून त्या दारात हेलपाटे होतात. आमच्याच एका ओळखीच्या घराला एका रात्री तीन दारे फिरावी लागली होती. माता-बाल संरक्षण कार्ड, आधार, रेशनकार्ड एका पिशवीत कायम तयार ठेवा.

पैशाचे म्हणाल तर जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी व पालिका रुग्णालयात आजारी बाळाला एक वर्षापर्यंत औषधे, तपासण्या, रक्त, वाहन मोफत मिळायला हवे. खासगीत जावेच लागले तर आधी तिथे महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे आरोग्यमित्र आहेत का, ते शोधा. डिपॉझिट भरण्यापूर्वी त्यांना भेटा, नंतर नाही. ही काही मेहेरबानी नव्हे. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाच्या बाजूने बोलताना बाबासाहेबांनी बाळंतपणातल्या विश्रांतीचा भार फक्त कामगार बाईवर पडू नये, अशी भूमिका घेतली होती. पाचपैकी चार लेकरे लहानपणीच गमावलेल्या बाबासाहेब आणि माता रमाई यांच्या घराला त्या विधेयकाचा अर्थ वेगळा सांगावा लागला नसेल.

मोठ्यांसाठीही नाकातोंडावर मास्क लावून हवेचा दाब देणारी यंत्रे असतात. खाणीच्या धुळीने, विडीने किंवा चुलीच्या धुराने फुप्फुसे निकामी झालेल्या आजोबा-आजींना बायपॅप लावतात, तर झोपेत घोरता घोरता श्वास अडणाऱ्यांना रात्री सीपॅप. तिथेही घाबरून मास्क ओढून काढणारे पुष्कळ असतात. पहिले काही तास घुसमटल्यासारखे वाटते, जवळच्या माणसाने हात धरून बसावे, मास्कचा पट्टा फार आवळला असेल तर सिस्टरना सैल करायला सांगावे. खाणीत काम केलेल्यांच्या फुप्फुसांविषयी पुढच्या अंकात सविस्तर लिहू.