भोंगा थांबल्यानंतर

ठाणे शहराच्या पश्चिम भागात, मुंबईच्या सीमेजवळ, वागळे इस्टेट ही जुनी औद्योगिक वसाहत आहे. येथील पुष्कळ रस्ते नावांनी नव्हे, तर क्रमांकांनी ओळखले जातात; रोड नंबर १६, रोड नंबर २२ असे सांगितले, की रिक्षावाला नेमक्या ठिकाणी नेऊन सोडतो. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली. कारखानदारांना जमीन, रस्ते आणि पाणी यांची सोय एके ठिकाणी मिळावी व राज्यात उद्योग वाढावेत, हा त्यामागील हेतू होता. या महामंडळाच्या अगदी आरंभीच्या वसाहतींत वागळे इस्टेटची गणना होते.

कोकणातून, घाटावरून आणि परप्रांतांतून आलेल्या हजारो माणसांना या वसाहतीने काम दिले. भोंगा वाजला, की एक पाळी सुटे आणि हाती डबा घेतलेली दुसरी पाळी आत शिरे. कामगारांसाठी रुग्णालय उभे राहिले. शेजारी किसननगरासारखी दाट वस्ती वाढली. पुढे काळ पालटला. यंत्रे जुनी झाली, जमिनीचे भाव वाढले, आणि कित्येक कारखाने बंद पडले किंवा दूर गेले. काही आजही चालू आहेत. काहींच्या जागी माहिती-तंत्रज्ञानाच्या कचेऱ्यांच्या काचेच्या उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत.

कारखाना बंद पडला, तरी त्याची इमारत मागे राहते. तिचे काय करावे? ती पाडून टाकावी, हे उत्तर सर्वांत सोपे वाटते. परंतु पाडण्यापूर्वी तिच्यात काय काय साठलेले आहे, याचा हिशेब केला पाहिजे. वीट भट्टीत भाजावी लागते. सिमेंटसाठी चुनखडी आणि माती सुमारे १४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावी लागतात. पोलादासाठी त्याहूनही प्रखर भट्टी लागते. जगात मनुष्याच्या उद्योगांमुळे जो कार्बन डायऑक्साइड वायू हवेत मिसळतो, त्यात सुमारे ७ ते ८ टक्के वाटा एकट्या सिमेंटचा असतो. इमारत पाडली, म्हणजे तिच्यात खर्ची पडलेले सारे इंधन वाया जाते. आणि तिच्या जागी नवी बांधण्यासाठी पुन्हा नव्या भट्ट्या पेटवाव्या लागतात. शिवाय राडारोडा उरतो, तो निराळाच. तो खाडीच्या काठी टाकला गेला, तर तेथील खारफुटीची झाडे गुदमरतात.

जुन्या कारखान्याच्या इमारतीत आणखी एक गुण असतो. अवजड यंत्रे बसविण्यासाठी तिचे खांब दूरदूर व छप्पर उंच ठेवलेले असते. कित्येक गिरण्यांचे छप्पर करवतीच्या दातांसारखे असते आणि त्यातील काचा उत्तरेकडे तोंड करून असतात. त्यामुळे ऊन आत न येता दिवसभर मंद, सारखा प्रकाश मिळतो. ज्या प्रकाशात विणकर तुटलेला धागा शोधत असे, त्याच प्रकाशात विद्यार्थ्याला पुस्तक वाचता येते. अशा इमारतीत वाचनालय, नाट्यगृह, व्यायामशाळा किंवा हस्तकलेची कर्मशाळा सहज मावते.

पण इमारत टिकली, म्हणजे ती सर्वांच्या उपयोगी पडेलच असे नाही. मुंबईच्या गिरणगावाची हकीकत या बाबतीत विचार करण्याजोगी आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी तेथील सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर अनेक गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या चालू झाल्याच नाहीत. १९९१ मध्ये गिरण्यांच्या जमिनींविषयी नियम झाला. त्यानुसार मोकळ्या होणाऱ्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे व्हावयाचे होते : एक उद्याने व मैदाने यांसाठी, एक परवडणाऱ्या घरांसाठी आणि एक गिरणीमालकासाठी. २००१ मध्ये हा नियम बदलला. इमारती असलेली जमीन त्यातून वगळली गेली आणि केवळ आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेचीच वाटणी उरली. गिरणीच्या आवारात मोकळी जागा ती किती असणार? त्यामुळे लोकांचा वाटा फारच लहान झाला. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये हा बदल वैध ठरविला. आज गिरणगावात काही जुन्या भिंती आणि चिमण्या दिसतात. मात्र त्यांच्या आसपास दुकाने, उपाहारगृहे आणि कचेऱ्या यांचीच दाटी आहे.

याच्या उलट उदाहरण ब्राझील देशात आढळते. साओ पाउलो शहराच्या पोंपेया भागात लोखंडी पिंपे तयार करण्याचा एक कारखाना होता. तो बंद पडल्यावर कामगारांच्या कल्याणासाठी काम करणाऱ्या सेस्क या संस्थेने तो विकत घेतला, आणि १९७७ मध्ये तेथे नवे केंद्र उभारण्याची कामगिरी लीना बो बार्दी या वास्तुविशारद महिलेवर सोपविली. लीनाबाई जागा पाहावयास गेल्या, तेव्हा तेथे आसपासची माणसे आधीच जमू लागली होती. गळक्या छपराखाली साचलेल्या पाण्यात मुले चेंडू खेळत होती, आणि आया खाण्याचे पदार्थ करीत होत्या. हे सारे असेच चालू राहिले पाहिजे, असे त्यांनी ठरविले. त्यांनी कारखाना पाडला नाही; भिंतींवरील गिलावा काढून मूळची वीट उघडी केली, आणि आत वाचनालय, नाट्यगृह, कर्मशाळा व भोजनगृह केले. १९८२ मध्ये हे केंद्र खुले झाले आणि ते आजही गजबजलेले असते.

महाराष्ट्रातही अशी इच्छा जागी आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ मध्ये कोल्हापुरात स्थापन केलेली शाहू मिल २००३ मध्ये बंद पडली. २०२२ मध्ये महाराजांच्या निधनास शंभर वर्षे झाली, तेव्हा त्याच गिरणीच्या आवारात प्रदर्शने भरली आणि लोक पुन्हा तिच्या दारातून आत आले. तेथे महाराजांचे कायमचे स्मारक व्हावे, ही कोल्हापूरकरांची फार दिवसांची मागणी आहे.

अर्थात, जुन्या इमारतीला रंग देऊन दार उघडले, म्हणजे काम संपले असे नव्हे. तिचे छप्पर अॅस्बेस्टॉसच्या पत्र्यांचे असेल, तर ते कुशल माणसांकडूनच काढवून घ्यावे लागते. कारण पत्रा फुटला, तर त्यातील सूक्ष्म तंतू श्वासावाटे फुफ्फुसांत जातात. जमिनीत मुरलेले तेल व रसायने, गंजलेले लोखंड, विजेच्या जीर्ण तारा यांची तपासणी करावी लागते. जेथे पूर्वी वीस माणसे काम करीत, तेथे दोनशे जमणार असतील, तर आगीच्या वेळी बाहेर पडण्यास पुरेशी दारे हवीत. या परीक्षेत जी इमारत टिकत नाही, ती पाडावीच. पण तिच्या विटा व लोखंड पुन्हा वापरात आणावे.

वागळे इस्टेटमधील प्रत्येक कारखान्याचे वाचनालय होणार नाही, आणि होऊही नये. जेथे यंत्र चालू आहे, तेथे कोणाची तरी चूल पेटते आहे. परंतु शेजारच्या वस्तीत अनेक मुलांना अभ्यासाला शांत कोपरा नसतो आणि वृद्धांना बसावयास जागा नसते. एखादी बंद इमारतही ही उणीव थोडीफार भरून काढू शकेल. भोंगा थांबला, की इमारतीचे एक काम संपते. तिला दुसरे काम मिळते की नाही, आणि ते कोणासाठी असते, हे एका गोष्टीवर अवलंबून असते : निर्णय घेण्यापूर्वी तिच्या शेजारी राहणाऱ्या माणसांना कोणी विचारले की नाही.

स्वाध्याय

१. इमारत पाडल्याने कोणकोणत्या गोष्टी वाया जातात?
२. गिरणीचे छप्पर करवतीच्या दातांसारखे का करीत?
३. २००१ मधील बदलामुळे लोकांचा वाटा लहान का झाला, ते स्वतःच्या शब्दांत सांगा.
४. तुमच्या गावातील एखादी बंद इमारत बाहेरून पाहा. तिचा उपयोग कशासाठी व्हावा, असे शेजारच्या दोन वडीलधाऱ्या माणसांना विचारा आणि त्यांची उत्तरे लिहा.