खाजगी मातीचा बांध : त्याची रचना व त्याची जबाबदारी

नाशिक जिल्ह्यांत पर्जन्याची वांटणी फार विषम आहे. इगतपुरी व त्र्यंबकेश्वराकडील डोंगरांवर मुसळधार पाऊस कोसळतो. पूर्वेस सिन्नर, येवलें, नांदगांव या भागांत पोहोंचेपर्यंत त्याचा जोर सरलेला असतो. दारणा, गंगापूर अशीं मोठीं धरणें सरकारनें बांधिलीं खरीं. परंतु कालव्याच्या वरच्या अंगास असलेल्या कोरडवाहू रानास त्यांचें पाणी चढत नाहीं. तेथें ओढ्यावर घातलेला लहानसा मातीचा बांध हाच मोठा आधार होय. असा बांध ज्यांच्या जमिनींत आहे, अथवा जे तो स्वखर्चानें घालूं इच्छितात, त्या सद्गृहस्थांकरितां आम्हीं हें लिहीत आहों.

प्रथम हिशोब पाहूं. एक हेक्टर रानावर ५०० मिलिमीटर पाऊस झाला म्हणजे ५० लक्ष लिटर पाणी पडतें. त्याचा दहावा हिस्साच ओढ्यास मिळतो असें धरिलें, तरी २० हेक्टर माळावरून १ कोटि लिटर पाणी येईल. त्यानें एक हेक्टर विस्ताराचें तळें एक मीटर भरेल. मात्र भर उन्हाळ्यांत उघड्या तळ्याचें पाणी दिवसास अर्धा ते एक सेंटिमीटर उडून जातें. यास्तव पसरट तळ्यापेक्षां आटोपशीर व खोल तळें बरें.

रचना साधी आहे, पण तींत कसूर खपत नाहीं. बांधाच्या रेषेंत कठीण थर लागेपर्यंत चर खणून तो चिकणमातीनें भरावा. मध्यें चिकणमातीचा गाभा व दोहों अंगांस मुरूम घालून प्रत्येक थर ओला करून धुमसावा. पाण्याच्या बाजूस दगड लावावे. बांधावर झाडें वाढूं देऊं नयेत, घुशींचीं व खेकड्यांचीं बिळें वेळींच बुजवावीं. सर्वांत महत्त्वाचा सांडवा. कारण पाणी मातीच्या माथ्यावरून वाहूं लागलें कीं बांध टिकत नाहीं.

पानशेतचें मातीचें धरण १२ जुलै १९६१ रोजीं फुटलें व पुणें शहरावर अनर्थ ओढवला. २ जुलै २०१९ च्या रात्रीं चिपळूण तालुक्यांतील तिवरे येथील धरण फुटून खालची वस्ती वाहून गेली. आपला बांध लहान आहे, ही सबब त्याच्या खालीं राहणाऱ्या गरिबाच्या कामीं येणार नाहीं. बांध मालकाचा, तशी त्याची राखणहि मालकाचीच.

आतां लाभाविषयीं. तळ्याचें पाणी जमिनींत मुरून शेजाऱ्यांच्या विहिरींसहि मिळतें. सातबाऱ्याची हद्द तें जाणत नाहीं. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनीं पुरंदर तालुक्यांतील नायगांव येथें देवस्थानची उजाड जमीन भाडेपट्ट्यानें घेऊन तेथें ताली घातल्या व पाझर तलाव केला. त्यांतून पाणी पंचायतीची पद्धति निघाली : पाण्याचा वांटा जमिनीच्या मानानें न देतां माणशीं द्यावा, तो भूमिहीनासहि असावा, व उंसास पाणी देऊं नये. एका गृहस्थानें आरंभिलेल्या कामाचा उपयोग अशा रीतीनें अनेक गांवांस झाला.

दुष्काळांत दिलेला घांस त्या दिवसाची भूक भागवितो, व तो दिलाच पाहिजे. परंतु बांधावर खर्चिलेला रुपया प्रत्येक पावसाळ्यांत पुन्हा कामास येतो. तरी जमीनदारांनीं मृगापूर्वीं आपापल्या बांधाची गळती व सांडवा स्वतः पाहावा, आणि व्यापारी व दानशूर मंडळींनीं ज्यांस दुरुस्तीचें सामर्थ्य नाहीं त्यांच्या बांधास हात द्यावा, अशी आमची नम्र विनंती आहे.