फडक्यावर येतो तो मळ नव्हे

जुन्या पद्मिनी किंवा अँबेसेडर गाडीचा मूळ रंग सर्वांत जास्त खराब होतो तो तिच्यावर जीव टाकणाऱ्यांच्याच हातून, असं माझं ठाम मत आहे. उन्हाने रंग फिका पडतो, पण बराचसा पत्र्यावर टिकून असतो. रबिंगने, म्हणजे पॉलिश लावून घासण्याने, मात्र तो निघूनच जातो. एकदा गेलेला कारखान्यातला रंग कोणताही पेंटर परत आणू शकत नाही. त्याला फक्त नवा रंग मारता येतो. म्हणून हातात पॉलिशचा डबा घेण्याआधी चमक किती येईल हे विचारू नका, रंग किती उरलाय ते विचारा.

याचं कारण रंगाच्या घडणीत आहे. आजच्या बहुतेक गाड्यांच्या रंगावर पारदर्शक क्लिअर कोट असतो. पॉलिश करताना झिजतो तो कोट, खालचा रंग सहसा शाबूत राहतो. जुन्या साध्या रंगांवर असं कवच नसतं. 1920 च्या दशकात ड्यू पाँट कंपनीने आणलेलं ड्युको लॅकर घ्या किंवा नंतरची एनॅमल घ्या, रंगद्रव्य थेट वरच्या थरातच असतं. ऊन आणि ऑक्सिजन त्या द्रव्याला धरून ठेवणारा राळेचा थर तोडतात, कण सुटे होतात आणि पृष्ठभाग खडूसारखा भुकटीचा होतो. मग लाल दरवाजावर पॉलिश लावून पांढरा फडका फिरवला की फडका लाल होतो. पुष्कळ जण मळ निघतोय या आनंदात हाताचा जोर वाढवतात. निघत असतो तो गाडीचा रंग. त्याची एकूण जाडी प्रायमर धरूनही बहुधा 100 मायक्रॉनच्या आगेमागे, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग असते, आणि बॉनेटच्या कडांवर व दरवाजाच्या उठावदार रेषांवर त्याहूनही कमी, कारण ओला रंग धारदार कडेवरून मागे सरकतो. रबिंग केलेल्या गाडीचं प्रायमर आधी तिथेच डोकावतं.

पॉलिशच्याही आधी नुकसान सुरू होतं ते धुण्यात, किंवा न धुता पुसण्यात. रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात. मोह्स मापावर त्यांचा कठीणपणा 7, साध्या पोलादापेक्षाही जास्त. सोसायटीत रोज सकाळी कोरड्या फडक्याने गाडी झटकली जाते तेव्हा हेच कण रंगावर घासले जातात, आणि उन्हात दिसणारं गोल ओरखड्यांचं जाळं तयार होतं. त्यामुळे गाडी सावलीत, पत्रा थंड असताना, आधी भरपूर पाणी वरून सोडून धुवावी. दोन बादल्या ठेवाव्यात, एकीत गाडीचा सौम्य शाम्पू आणि दुसरीत फडका खळबळायला साधं पाणी. हात सरळ रेषेत, टपाकडून खाली; चाकांजवळच्या भागाला वेगळा फडका. कपड्यांची पावडर अल्कधर्मी असते, ती असलेलं वॅक्सही काढून टाकते. प्रेशर पंपाने तडकलेल्या रंगाचे पापुद्रे उडतात आणि कडक झालेल्या रबरांतून पाणी दरवाजात शिरतं. दरवाजाच्या तळाशी निचऱ्याची भोकं असतात, ती बारीक काडीने मोकळी करावीत. ती तुंबली की पत्रा आतून सडतो आणि बाहेर फुगवटा दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

आता पुन्हा पॉलिशकडे. कमी घासा म्हटलं की एक रास्त आक्षेप येतो, की भुकटी झालेला थर मेलेलाच आहे, तो काढायलाच हवा. मान्य आहे. पण त्याखालच्या चांगल्या रंगापर्यंत पोचायला फार थोडं घासावं लागतं. आधी ग्लेझ, म्हणजे न घासणारं तेलकट पॉलिश, जाडसर लावून रात्रभर ठेवावं. कोरड्या पडलेल्या थरात ते भिनतं आणि रंग बराचसा गडद होतो. त्यानंतरही गरज वाटली तर सर्वांत सौम्य पॉलिश, हाताने, तळहाताएवढ्या आडजागी करून पाहावं. दुसरा आक्षेप जाडी मोजायच्या यंत्राचा: आकडा भरपूर आला, मग घाबरायचं कशाला? पण ते यंत्र पत्र्यावरच्या सगळ्या थरांची बेरीज सांगतं. त्यातली पुट्टी किती आणि वरचा रंग किती, हे ते सांगत नाही. बफिंग मशीनने काम झटपट होतं हेही खरं. पण फिरणाऱ्या पॅडखाली कडा क्षणात उघड्या पडतात, आणि लॅकर उष्णतेने मऊ होतं.

उरतो शेवटचा प्रश्न: सरळ नवा रंग का देऊ नये? रंग जागोजागी सुटला असेल तर जरूर द्यावा. मात्र शाबूत मूळ रंग केवळ फिका आहे म्हणून खरवडणं मला पटत नाही. त्या गाडीची छटा कोणती होती आणि कारखान्यात फवारा कसा मारला होता, याचा तोच पुरावा असतो. कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचच्या प्रदर्शनात मूळ अवस्थेतल्या गाड्यांना स्वतंत्र गट आहे, तो याच जाणिवेतून. शिवाय जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्यामुळे त्याला कोरडा पॉलिशपेपर लावूच नये. प्रायमर दिसू लागलं की पॉलिश तिथेच थांबवा. उघडं प्रायमर ओल धरतं, म्हणून त्यावर वॅक्सचा हात फिरवा. मात्र सिलिकोनवालं वॅक्स नको, कारण पुढे त्या जागी रंग मारायची वेळ आली तर तो बसत नाही, त्यात खळगे पडतात. गंज दिसत असेल तर वॅक्सही न लावता तेवढाच भाग पेंटरला दाखवा, आणि शेजारच्या शाबूत रंगाला हात लावायचा नाही, हे आधीच बजावून ठेवा.