पंढरीला जाताना वणंद, पालगड, महाड

केळशीतल्या एका माळकरी घरातला हा संवाद. आत्या निवृत्त प्राथमिक शिक्षिका, नेमाने एकादशी करणाऱ्या. भाचा मुंबईहून मे महिन्याच्या सुट्टीत बायकोमुलांसह आलेला. मुलगा बारा वर्षांचा, मुलगी नऊची. पुढचा बेत पंढरपूरचा.

भाचा: आत्या, गाडी बरोबर आहे, मुलांना पंढरपूर दाखवून आणतो म्हटलं, तर तू सरळ जाऊ नकोस म्हणालीस. का गं?

आत्या: पंढरपूरला जायचंच आहे, पण शेवटी. विठोबाच्या पायावर डोकं ठेवण्याआधी तिथे कोणाला डोकं ठेवू देत नव्हते, हे मुलांना कळायला हवं. त्या कहाणीतल्या दोन गोष्टी तर आपल्याच दापोली तालुक्यातल्या आहेत. पहिल्यांदा वणंदला जा.

भाचा: वणंद म्हणजे रमाबाई आंबेडकरांचं गाव ना?

आत्या: हो, माहेर. १८९८ चा जन्म. वडील दाभोळ बंदरात माशांच्या टोपल्या वाहायचे. आईवडील लवकर गेले, काका-मामांनी पोरांना मुंबईला नेलं, आणि १९०६ साली भायखळ्याच्या बाजारात बाबासाहेबांशी लग्न लागलं. बाजार उठल्यावर, रात्री. पुढे नवरा परदेशी शिकत असताना हिने उपासमार सोसली, पोटची मुलं गमावली. तरी मनात एक इच्छा होती, पंढरपूरला जाऊन विठ्ठलाचं दर्शन घ्यायची. बाबासाहेबांनी नाही म्हटलं. जिथे तुला देवळाबाहेरूनच परत फिरावं लागेल त्या पंढरीला कशाला जायचं, आपण आपली वेगळी पंढरी उभी करू, अशा अर्थाचं ते बोलले असं चरित्रकार सांगतात. १९३५ साली रमाबाई गेल्या. दर्शन राहिलंच.

भाचा: नऊ वर्षांच्या पोरीला हे सांगायचं? ती विचारेल, देवाने का नाही येऊ दिलं?

आत्या: विचारू दे. देवाने अडवलं नव्हतं, माणसांनी अस्पृश्य म्हणून अडवलं होतं, आणि अडवणारी माणसं रोज देवाचं नाव घेणारी होती, हे सांग. लपवू नकोस. मग लगेच पालगडला ने.

भाचा: साने गुरुजींच्या घरी.

आत्या: हो. जन्म १८९९ चा, त्याच तालुक्यात, रमाबाईंनंतर जेमतेम दोन वर्षांनी. 'श्यामची आई' मुलांनी वाचलंय ना? त्यात आई श्यामला एका म्हातारीची मोळी उचलून द्यायला लावते. गाव ज्या म्हातारीला शिवत नव्हतं तिला. ते घर बघताना या प्रसंगाची आठवण करून दे. त्याच गुरुजींनी पुढे पांडुरंगाचं देऊळ सगळ्यांना उघडावं म्हणून महाराष्ट्रभर दौरा केला आणि १ मे १९४७ ला पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. १० मे ला सोडलं, तिथल्या पुजाऱ्यांनी, बडव्यांनी, दार उघडायचं कबूल केल्यावर. त्याच वर्षी मुंबई प्रांताने मंदिर प्रवेशाचा कायदाही केला.

भाचा: म्हणजे रमाबाई गेल्यावर बारा वर्षांनी.

आत्या: बारा वर्षांनी. एकाच तालुक्यातली दोन माणसं. एकीला दर्शन मिळालं नाही, दुसऱ्याने दर्शन मोकळं व्हावं म्हणून प्राण पणाला लावला. ही दोन गावं एकाच दिवशी बघितली की मुलांना बाकी फार समजवावं लागत नाही.

भाचा: पण आत्या, हे सगळं ऐकून मुलांची श्रद्धाच उडाली तर? मला तीच धास्ती आहे.

आत्या: चुका झाकून जपलेली श्रद्धा कॉलेजात गेल्यावर एका वादात उडते. खरं सांगून जपलेली टिकते. अमेरिकेत बघ, कितीतरी ख्रिस्ती कुटुंबं सुट्टीत मुलांना गाडीतून माँटगोमेरी, सेल्मा, बर्मिंगहॅमला नेतात, काळ्या लोकांच्या समान हक्कांचा लढा जिथे झाला तिथे. मार्टिन ल्यूथर किंग पाद्री होते. १९६३ साली बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून त्यांनी जे पत्र लिहिलं ते धर्मगुरूंनाच उद्देशून होतं, थांबा म्हणणाऱ्यांना. त्याच वर्षी तिथल्या एका चर्चमध्ये बॉम्ब फुटून चार मुली मेल्या. तिकडचे आईबाप हे मुलांना दाखवतात आणि रविवारी चर्चलाही नेतात. आपण का घाबरायचं?

भाचा: पालगडहून पुढे?

आत्या: मंडणगड. तिथून आंबडवे, बाबासाहेबांचं मूळ गाव. वडील रामजी सकपाळ कबीरपंथी, घरात भजन-अभंग चालायचे. पलटणीतून निवृत्त झाल्यावर ते काही काळ दापोलीत राहिले. निवृत्त शिपायांची दापोलीत वस्ती होती. गोपाळबाबा वलंगकरही त्यांतलेच. त्यांनी १८८८ साली अस्पृश्यतेविरुद्ध 'विटाळ विध्वंसन' छापलं, म्हणजे महाडच्या सत्याग्रहाआधी जवळजवळ चाळीस वर्षं. आंबडव्याहून म्हाप्रळवरून महाड गाठ. पोरीला गाडी लागते ना, मग सकाळी निघ, वळणं पुष्कळ आहेत.

भाचा: चवदार तळं मी लहानपणी बसमधून बघितलंय. खाली उतरलो नव्हतो.

आत्या: यंदा उतर, आणि मुलांना पायऱ्यांवर बसव. मग क्रमाने सांग. १९२३ साली रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात ठराव आणला की सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले असावेत. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने तळं खुलं केलं, कागदावर. पाण्याला हात लावायची छाती कोणाची नव्हती. २० मार्च १९२७ ला महाडला भरलेल्या अस्पृश्यांच्या परिषदेतून हजारो माणसं रांगेने तळ्यावर आली आणि बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी पिऊन दाखवलं.

भाचा: आणि मग मारहाण झाली.

आत्या: हो. हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी हूल उठली आणि जमावाने परिषदेच्या मंडपात जेवत असलेल्यांवर लाठ्या चालवल्या. नंतर तळ्यातून १०८ घागरी पाणी उपसून, पंचगव्य घालून, मंत्र म्हणून ते 'शुद्ध' करून घेतलं. हे सांगताना तुझा आवाज खाली जाऊ देऊ नकोस. मंत्र आपलेच होते. ते कशासाठी वापरले गेले हे मुलांनी आपल्याच तोंडून ऐकावं.

भाचा: मुलगा विचारेल, आपल्यातलं कोणीच त्यांच्या बाजूने नव्हतं का?

आत्या: होते, त्यांचीही नावं सांग. नगराध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे, गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे. पण ते सोबती होते, पुढारी नव्हते. परिषद उभी केली ती रामचंद्र बाबाजी मोऱ्यांसारख्या तिथल्याच दलित कार्यकर्त्यांनी. डिसेंबरात दुसरी परिषद भरली तेव्हा सवर्ण हिंदूंनी जागा नाकारली, फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली. २५ डिसेंबरला तिथे मनुस्मृती जाळली, तो ठराव सहस्रबुद्ध्यांनी मांडला होता. तळ्यावरच्या हक्काचा खटला मात्र १९३७ पर्यंत चालला, तेव्हा कुठे हायकोर्टाचा निकाल बाजूने लागला. ओंजळभर पाण्याला दहा वर्षं.

भाचा: मुलांना तारखा लक्षात राहतील का?

आत्या: तारखा राहिल्या नाहीत तरी चालेल. मुलाच्या हातात संविधान दे आणि तळ्याकाठी कलम १५ मोठ्याने वाचायला सांग. विहिरी, तळी, स्नानघाट, रस्ते, सगळं नावानिशी लिहिलंय. ते कलम ज्या मसुदा समितीने मांडलं तिचे अध्यक्ष बाबासाहेब याच पायऱ्या उतरले होते, हे त्याला आपसूक कळेल.

भाचा: आणि मग वरंधा घाट चढून पंढरपूर.

आत्या: घाट सुरू आहे ना ते आधी विचारून घे, मग भोरमार्गे जा. पंढरपुरात महाद्वारी नामदेव पायरीपाशी चोखोबांची समाधी आहे. मुलांना तिथे आधी थांबव. अस्पृश्य मानलेल्या जातीतला एवढा मोठा संत, आणि समाधी देवळाच्या दाराबाहेर. मग आत जा. आत आता बडव्यांचा वंशपरंपरेचा हक्क नाही, २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने तो संपला. रांगेत तुमच्या पुढे-मागे कोण उभं आहे हे कोणी विचारत नाही. त्या रांगेत उभं राहताना मुलांना सांग की ही रांग अशी आपोआप झालेली नाही.

भाचा: केळशीला परत आल्यावर काय करू?

आत्या: इथे महालक्ष्मीचं देऊळ आहे, याकूबबाबांचा दर्गा आहे. शिवाजी महाराजांनी बाबांना मान दिला असं गाव अभिमानाने सांगतं. दोन्हीकडे मुलांना घेऊन जा आणि मग त्यांनाच विचार: आज आपल्या गावात, शाळेत, तुमच्या मुंबईच्या सोसायटीत कोणाला वेगळा कप मिळतो, कोणाला घर भाड्याने मिळत नाही? मुलं बरोबर नावं घेतील. त्यांतलं एखादं नाव तुझ्या घरचं किंवा माझ्या घरचं निघालं, तर रागावू नकोस. ते घर बदलायला लाग. नाहीतर एवढी यात्रा करून फक्त पेट्रोल जाळलं असं होईल.