बिलाबाहेर गेलेली गोळी

कापडाच्या धंद्यात एक साधा हिशेब आहे. आलेला माल, विकलेला माल आणि शिल्लक यांचा मेळ बसला नाही, तर माल कुठेतरी गळतो आहे असे समजावे. औषधांच्या धंद्यालाही हाच हिशेब लागू पडतो. पण तागा गळाला तर मालकाचे नुकसान होते, गोळी गळाली तर कोणाचा तरी मुलगा हातचा जातो. म्हणून व्यापारी बंधूंनी हा विषय नीट समजून घेतला पाहिजे.

'बटन' म्हणजे काय?

आपल्या छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) शहरात जिला 'बटन' म्हणतात, ती गोळी बहुधा नायट्राझेपाम या औषधाची असते. मालेगावच्या यंत्रमाग वस्त्यांत 'कुत्ता गोळी' म्हणतात, ती अल्प्राझोलामची. नावे बाजारू असली तरी औषधे खरी आहेत आणि ती परवानाधारक कारखान्यांत तयार होतात. पहिले निद्रानाशावर, दुसरे तीव्र घबराटीच्या विकारावर दिले जाते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरलेल्या मात्रेत, थोडे दिवस घेतल्यास रुग्णाला त्यांचा फायदा होतो.

धोका पुढे आहे. काही आठवड्यांतच शरीराला गोळीची सवय होते. एका गोळीने येणारी झोप दोन गोळ्यांनीही येत नाही. गोळी मिळाली नाही तर हात कापतात, घाम सुटतो, चीड येते. दारू किंवा कोडीनयुक्त खोकल्याचे औषध सोबत घेतले तर श्वास मंदावतो, प्रसंगी बंदही पडतो.

आणखी एक गोष्ट घरोघरी माहीत असायला हवी. सवय झालेल्या माणसाची गोळी एकदम तोडणेही धोक्याचे असते. त्याला फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. 'चार दिवस खोलीत कोंडा, आपोआप सुटेल' हा सल्ला घातक आहे. मात्रा हळूहळू कमी करावी लागते, आणि ते काम डॉक्टरांचेच आहे.

केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या 'एम्स'ने केलेले राष्ट्रीय सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार १० ते ७५ वयोगटातील सुमारे १ कोटी १८ लाख भारतीय वैद्यकीय सल्ल्याविना गुंगीची औषधे घेत होते.

कायदा काय सांगतो?

नायट्राझेपाम आणि अल्प्राझोलाम ही दोन्ही औषधे १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येतात. शिवाय मार्च २०१४ पासून ती 'एच-१' अनुसूचीत आहेत. त्यामुळे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. डॉक्टरांचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि संख्या ही नोंद वेगळ्या वहीत करावी लागते आणि वही ३ वर्षे जपावी लागते. डॉक्टरांनी तसे लिहिले नसेल तर एका चिठ्ठीवर पुन्हा औषध देता येत नाही.

म्हणजे कारखान्यापासून ग्राहकापर्यंत प्रत्येक पाकिटामागे कागद असायला हवा. गोळी गल्लीत सुटी विकली जाते तेव्हा वाटेत कोणीतरी कागद तोडलेला असतो. कोणी बंद पडलेल्या दुकानाच्या नावाने बिल फाडतो, कोणी जुनी चिठ्ठी पुन्हा चालवतो, तर कोणी ओळखीच्या पोराला 'घेऊन जा' म्हणतो. औषध स्वस्त असते, पण चोरून विकताना छापील किमतीच्या कितीतरी पट पैसे मिळतात. सगळा मोह तिथेच आहे.

अमेरिकेचा धडा

हा मोह लहान दुकानदारालाच होतो असे नाही. अमेरिकेत पर्ड्यू फार्मा या कंपनीने १९९६ मध्ये 'ऑक्सिकॉन्टिन' ही वेदनाशामक गोळी बाजारात आणली. तिची सवय लागण्याचा धोका कमी आहे, असे विक्री प्रतिनिधी डॉक्टरांना सांगत. २००७ मध्ये तिच्याशी संलग्न कंपनीने दिशाभूल केल्याचा गुन्हा कबूल केला. २०२० मध्ये खुद्द कंपनीला पुन्हा गुन्हे कबूल करावे लागले. त्या देशात १९९९ ते २०२१ या काळात चिठ्ठीवर मिळणाऱ्या अफूवर्गीय वेदनाशामकांच्या अतिमात्रेशी निगडित मृत्यू जवळपास २ लाख ८० हजार झाले. विक्रीचे आकडे वर्षानुवर्षे उत्तम होते. मालाविषयी खोटे सांगून होणाऱ्या विक्रीची किंमत शेवटी गिऱ्हाईकाच्या घराने मोजली.

आपण काय करावे?

१) मेडिकल दुकानदारांनी चिठ्ठी पाहिल्याशिवाय माल देऊ नये. एकच चेहरा वेगवेगळ्या चिठ्ठ्या घेऊन येत असेल तर 'नाही' म्हणावे. घाऊक विक्रेत्यांनी माल घेणारे दुकान खरोखर चालू आहे का, हे जाऊन पाहावे.

२) गोदाम किंवा गाडी दुसऱ्याला देताना आत काय ठेवले जाते ते पाहावे. जागा वा वाहन अशा गुन्ह्यासाठी जाणूनबुजून वापरू दिले तर मालकालाही शिक्षा होते.

३) गुलमंडी असो की शहागंज, दुकानातला पोरगा दुपारी झिंगू लागला, मापात चुकू लागला, वरचेवर उचल मागू लागला, तर आधी चौकशी करावी. कामावरून काढले की तो थेट विकणाऱ्याच्या हाती जातो. घाटी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. व्यसनमुक्तीच्या सल्ल्यासाठी १४४४६ हा विनाशुल्क राष्ट्रीय क्रमांक आहे. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातील व्यसनी माणूस स्वेच्छेने मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल तर त्याला खटल्यातून सूट देण्याची तरतूदही कायद्यात आहे. विक्रीची खबर द्यायची असल्यास १९३३ या क्रमांकावर कळवावे.

४) घरातील वडीलधाऱ्यांच्या झोपेच्या गोळ्या मोजून, कुलपात ठेवाव्यात. 'मला लागू पडली, तूही घे' म्हणून शेजाऱ्याला देऊ नयेत.

पोलीस छापे घालतात, माल पकडतात. पण छापा पडतो तोवर पाकिटे गल्लीत पोचलेली असतात. त्याआधी ती कोणत्या तरी काउंटरवरून गेलेली असतात, आणि तो काउंटर व्यापाऱ्याचा असतो. गळती तिथेच थांबवता येते.