फॉर्ममधला पसंतीक्रम

पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेलं मूल ‘सीडीएस देतो’ म्हणालं की घरात दोनच गोष्टींची चर्चा होते: परीक्षा निघेल का आणि जिवाला धोका किती. लष्कर, नौदल की हवाई दल, हा प्रश्न ‘आधी पास तर हो, मग बघू’ म्हणून मागे पडतो. पण सैन्यदलांत अधिकारी होण्यासाठी यूपीएससी घेत असलेल्या या परीक्षेच्या फॉर्ममध्येच लष्कराची डेहराडूनची आयएमए, एझिमलाची नौदल अकादमी, हैदराबादजवळची हवाई दल अकादमी आणि लष्कराचीच चेन्नईची ओटीए यांचा पसंतीक्रम भरावा लागतो आणि एकदा भरला की तो सहसा बदलून मिळत नाही. हवाई दलाची अट तर आणखी कडक. ते पहिल्या क्रमांकावर लिहिलं नाही तर ती पसंती धरलीच जात नाही. ‘मग बघू’ म्हणणाऱ्याने त्या खेपेपुरतं वैमानिक होणं फॉर्म भरतानाच सोडलेलं असतं.

काही निवड पदवीनेच केलेली असते. आयएमए आणि ओटीएला कुठलीही पदवी चालते. सीडीएसमधून नौदलात जायला इंजिनिअरिंग लागतं, तर हवाई दल अकादमीला बारावीचं फिजिक्स-गणित किंवा इंजिनिअरिंग. ओटीएला गणिताचा पेपर नसतो, हे कला शाखेच्या अनेकांना फॉर्मची मुदत संपल्यावर कळतं. बीकॉमवाल्यासाठी हवाई दलाची अकाउंट्स शाखा आहे, तिचा रस्ता हवाई दलाच्या स्वतंत्र ॲफकॅट परीक्षेचा. ही चाळणी लावून जे उरतं त्यातून निवड करायची असते. इथे गणवेशाचा रंग, सिनेमातला हिरो किंवा शेजारच्या काकांचं मत यांपेक्षा एकच प्रश्न उपयोगाचा: तिथला अधिकारी दिवसभर करतो काय?

लष्करात, विशेषतः पायदळात, त्याचं काम म्हणजे माणसं. तीस-पस्तीस जवानांची प्लॅटून बावीस-तेवीस वर्षांच्या लेफ्टनंटच्या हाती येते. त्यातले कित्येक त्याच्यापेक्षा वयाने आणि अनुभवाने मोठे. त्यांची भाषा शिकायची, संध्याकाळी त्यांच्याबरोबर व्हॉलीबॉल खेळायचा, कुणाच्या रजेचा अर्ज बघायचा, कुणाच्या गावाकडच्या जमिनीचा तंटा असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना पत्र लिहायचं आणि वेळ आली की याच माणसांना घेऊन पुढे जायचं. नौदलात माणसं असतातच, पण जहाज आधी. तरुण अधिकाऱ्याला रात्री-अपरात्री ब्रिजवर चार-चार तासांची वॉच करावी लागते आणि एकट्याने जहाज सांभाळण्याची परवानगी परीक्षा देऊन कमवावी लागते. हवाई दलात चित्र उलटं. तिथे हवाई सैनिक विमान सज्ज करून देतात आणि लढायला जातो तो अधिकारी स्वतः. त्याचा बराचसा दिवस ब्रीफिंग, सिम्युलेटर आणि केलेल्या उड्डाणाची चिरफाड यात जातो. माणसांत रमणारा, यंत्रात रमणारा आणि स्वतःच्या कौशल्याला धार लावत बसणारा हे तीन वेगळे स्वभाव आहेत. आपलं मूल यातलं कोणतं, हे सहसा आईवडिलांना मुलाच्या आधी कळलेलं असतं. ते त्यांनी बोलून दाखवायला हवं.

मुलींसाठी दलादलांतला फरक आणखी ठळक. हवाई दलात २०१६ पासून त्या लढाऊ विमानं उडवतात. लष्कराच्या तोफखान्यात त्यांना २०२३ मध्ये प्रवेश मिळाला, पण पायदळ आणि रणगाडा दल त्यांना अजून खुलं झालेलं नाही.

यावर पहिला आक्षेप असा की निवड इतकी अवघड असताना आवडनिवड कसली? मिळेल ते घ्यावं. यात तथ्य आहे आणि म्हणून पात्रता असलेला एकही पर्याय रिकामा सोडू नये. पण क्रम मनापासूनचा हवा. लेखी परीक्षेनंतरच्या एसएसबीच्या (सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डाच्या) मुलाखतीत ‘हेच दल का?’ हा प्रश्न येतोच आणि क्लासमध्ये पाठ केलेलं उत्तर तिथे दोन उपप्रश्नांत उघडं पडतं. शिवाय लष्करात गेल्यावर तोफखाना, सिग्नल्स की पायदळ हे प्रशिक्षणाच्या अखेरीस पसंती, गुणवत्ता आणि रिक्त जागा पाहून ठरतं. टेक्निकल काम मिळेलच या भरवशावर लष्कर निवडणाऱ्याने पायदळाचीही तयारी ठेवावी.

दुसरा आक्षेप जिवाचा. पायदळात धोका जास्त आहे, तो झाकण्यात अर्थ नाही. मात्र ‘सप्लायमध्ये गेला की ऑफिसची नोकरी’ हा समज चुकीचा. लडाखच्या चौक्यांवर रेशन पोचवणारेही तेच घाट चढतात. देवळालीचा तोफखाना, अहिल्यानगरचे रणगाडे, लोणावळ्याची आयएनएस शिवाजी, दापोडीचं सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालय हे सगळं महाराष्ट्रातच आहे आणि तिथून निवृत्त झालेले लोक आसपासच्या गावांत राहतात. धोक्याबद्दल विचारायचं तर त्यांना विचारावं.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: ओटीएतून मिळणाऱ्या शॉर्ट सर्व्हिसची दहा वर्षं, फार तर आणखी चार, संपल्यावर काय? पेन्शनसाठी अधिकाऱ्याला वीस वर्षं सेवा लागते, ती इथे भरत नाही. पर्मनंट कमिशनची संधी असते, महिलांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये तो हक्क मान्य केला, पण खात्री कुणालाच नाही. म्हणून ओटीएकडे जाणाऱ्याने पस्तिशीतल्या दुसऱ्या नोकरीचा विचार आजच करावा. लॉजिस्टिक्स, इंजिनिअरिंग, एअर ट्रॅफिक कंट्रोल यांतला अनुभव बाहेर सरळ विकला जातो. पायदळातल्या अधिकाऱ्याला तो बाहेरच्या भाषेत मांडून दाखवावा लागतो, मधल्या काळात एखादी पदवी जोडावी लागते.

राहिला वयाचा हिशेब. सीडीएसमधून हवाई दल अकादमीला चोविशीपर्यंत, ओटीएला साधारण पंचविशीपर्यंत, तर ॲफकॅटच्या ग्राउंड ड्युटी शाखांना सव्विशीपर्यंत अर्ज करता येतो. वैमानिक निवडीची सीपीएसएस ही संगणकीय चाचणी तर आयुष्यात एकदाच देता येते. त्यात नापास झालेल्याला त्या शाखेसाठी पुन्हा बोलावत नाहीत. उडायचंच असेल तर पहिला फॉर्म हवाई दलाचा भरावा, पण डोळ्यांची तपासणी आधी करून घेऊन.